श्रीखंडाच्या डब्यातला रणगाडा

मी माझ्या बायकोला चावलो. दवाखान्यात, आयसीयूत, ती मला वरणभात भरवत असताना, तिच्या उजव्या अंगठ्याला. रक्त येईपर्यंत चावलो आणि नर्सने दोन्ही गाल दाबून जबडा उघडेपर्यंत सोडलं नाही. आजारपणावर लिहिणारे बहुतेक जण देवाच्या कृपेपासून सुरुवात करतात. मला ते जमणार नाही. हा मजकूर वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, आधी वाचलाय आणि ‘पहिलं वाक्य तेच ठेवा’ असं तिनेच बजावलंय.

मला झालेल्या आजाराचं नाव गुलेन बॅरी सिंड्रोम. लोक जीबीएस म्हणतात. आपल्याच शरीराची संरक्षण व्यवस्था बिथरते आणि आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडते. हातपाय लुळे पडतात, मग हळूहळू परत येतात. बहुतेकांचे येतात. माझे आले. ज्यांच्या घरी सध्या हे चालू आहे त्यांच्यासाठी लिहितोय. नसांबद्दल डॉक्टर सांगतीलच. मी स्वभावाबद्दल सांगणार आहे, कारण त्याबद्दल मला कुणीच काही सांगितलं नाही.

*

मी राहतो डोंबिवली पूर्वेला. नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये. प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे बनवतो. आणि घरी आल्यावर रणगाडे. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचे, प्लॅस्टिकचे, टेबलावर मावणारे. वैशाली पाहुण्यांना सांगायची, “लोकांचे नवरे दारू पितात, आमचे हे टँक करतात. वास दोन्हीला येतो.” वास थिनरचा.

वीस वर्षांचा नाद आहे. चिखल कसा वाळतो, गंज कुठून धरतो, गोळा लागल्यावर पत्रा आत कसा वळतो, हे सगळं मी रंगाने आणि तापवलेल्या सुईने करायचो. माझ्या रणगाड्यांवरच्या जखमा बघून लोक ‘वा’ म्हणायचे. मला ते फार आवडायचं.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. मॉडेलवाल्याच्या बोटांवर सुपरग्लूचा पापुद्रा कायम असतो. तो सुकला की बोटाचं टोक बधिर लागतं. आम्हाला त्याची इतकी सवय असते की बधिर बोट हे आमच्यात दुखणं धरलंच जात नाही. त्या आठवड्यात मी टी-५५ नावाच्या रणगाड्याच्या पट्ट्याच्या कड्या घासत होतो. पट्टा म्हणजे चाकांवरून फिरतो तो. एका बाजूला नव्वद, दोन्ही मिळून एकशे ऐंशी कड्या, प्रत्येक नखाएवढी, प्रत्येक हाताने साफ केलेली. बोटं बधिर वाटायला लागली. म्हटलं, गोंद. आमच्या मुलीचं, ऋतुजाचं, नेलपॉलिश रिमूव्हर घेतलं आणि बोटं घासली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बधिर, पुन्हा घासली. चार दिवस मी नसलेला गोंद काढत होतो. पायांनाही मुंग्या येत होत्या, पण मी मांडी घालून काम करतो, तेव्हा पायांचं काय मनावर घ्यायचं!

पाचव्या दिवशी टी-५५च्या, तोफ बसते त्या राखाडी घुमटावर लाल थेंब दिसले. मी ऋतुजावर ओरडलो, “माझ्या लाल रंगाला कुणी हात लावला?” ती आली, बघितलं आणि किंचाळली. कड्या तासायच्या कटरचं पातं माझ्या अंगठ्यात अर्धं रुतलेलं होतं आणि मी त्याच हाताने घुमट फिरवत बसलो होतो.

*

सहाव्या दिवशी सकाळी बाथरूममधून बाहेर येताना गुडघे दुमडले आणि मी बेसिनवर तोंडावर आपटलो. खालचा ओठ फाटला. वैशाली धावत आली, मला उचलायचा प्रयत्न करताना तिच्या कमरेत उसण भरली, आणि आम्ही दोघं ओल्या लादीवर बसून एकमेकांवर ओरडत होतो.

“मेला तो थिनर! वीस वर्षं सांगतेय, खिडकी उघडून करा!”

“थिनरने पाय जातात होय? डॉक्टर आहेस का तू?”

“मग उठा ना! उठून दाखवा!”

उठता येईना. दुपारी रिक्षात घालून मला ठाण्याच्या एका दवाखान्यात नेलं. न्यूरॉलॉजिस्ट बाई वयाने माझ्याहून लहान, आवाज करवतीसारखा. त्यांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. पुन्हा मारली, जोरात. मला ठोका ऐकू आला, पाय मात्र दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडून राहिला.

“मागच्या दोन-तीन आठवड्यांत पोट बिघडलं होतं?”

“हो, जुलाब झाले होते.”

“हातापायांना कधीपासून मुंग्या आहेत?”

“पाच-सहा दिवस.”

“मग इतके दिवस काय करत होतात, सावंत?”

“बोटं घासत होतो,” मी म्हटलं. त्या वैशालीकडे बघू लागल्या. वैशालीने थिनरची सगळी कहाणी सांगितली. त्या म्हणाल्या की थिनरचा काही संबंध नाही, आधी आयसीयूत चला. वैशालीने पहिला भाग ऐकला नाही. धक्क्यात माणूस आपल्याला हवं तेच ऐकतो. तिने काय ऐकलं ते मला आठ दिवसांनी कळलं.

*

नसांची तपासणी म्हणजे शॉक. हातावर, पायावर, कोपराच्या आत, एकामागून एक. पाठीच्या मणक्यातून सुईने पाणी काढतात. मग पाच दिवस शिरेतून बाटल्यामागून बाटल्या औषध. हे सगळं सहन होतं. सहन होत नाही ती आग. हालचाल गेली तरी दुखणं जात नाही. माझ्या मांड्यांवर कुणी तापलेली सळई फिरवतंय असं वाटायचं आणि मला ती झटकता येत नव्हती. चादर टोचायची. चादर सरळ करणाऱ्या वॉर्डबॉय मामांना मी आईवरून शिव्या दिल्या. ते म्हणाले, “द्या साहेब, शिव्या द्यायला पण श्वास लागतो. चांगलंय.”

श्वासाचंच सगळं होतं. डॉक्टर दर काही तासांनी येऊन म्हणायच्या, “एका श्वासात मोजा.” पहिल्या दिवशी मी एकतिसापर्यंत गेलो. मग चोवीस. मग सतरा. मग तेरा. दहाच्या खाली गेलो तर घशात नळी घालून मशीनवर ठेवणार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण माझ्या उशाशी मशीन आणून ठेवलं होतं आणि मला डोळे आहेत. तेरा म्हणताना छाती फुटेल इतका मी जोर लावायचो. मला मरणाची भीती वाटत होती. स्पष्ट सांगतो, रात्रंदिवस दुसरं काही वाटत नव्हतं. आणि माझ्या स्वभावात अशी खोड आहे की भीती वाटली की मला राग येतो.

एका संध्याकाळी बाहेर मारामारी झाली. आत सोडत नाहीत म्हणून कुणा पेशंटच्या नातेवाइकांनी सिक्युरिटीवाल्याला सलाइनच्या स्टँडने बडवलं. काच फुटल्याचा आवाज, बायकांचा आरडाओरडा, मग ‘डोकं फुटलं, डोकं फुटलं’. आयसीयूतल्या सगळ्या नर्स दाराकडे धावल्या. मी छताकडे बघत पडून होतो आणि मला बरं वाटत होतं. आणखी मारा, असं वाटत होतं. मलाही एक स्टँड द्या.

माझे मेहुणे भेटायला आले आणि म्हणाले, “अरे, तू तर रणगाडेवाला! लढायचं!” अहो, रणगाडा लढत नाही. आतली माणसं लढतात, आणि लोखंड पेटलं की बाहेर पडायला एकच भोक असतं. मला हे त्यांना सांगायचं होतं. पण एका श्वासात तेरा आकडे मोजू शकणाऱ्या माणसाने वाद घालू नये, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

*

आठव्या दिवशी आकडा पंधरावर आला. गिळणं शाबूत होतं, तेवढं नशीब. वैशाली मऊ वरणभात कालवून आणायची आणि हाताने भरवायची. चमचा दातांवर आपटतो म्हणून हाताने. तिच्या बोटांना तुपाचा वास यायचा. त्या आगीत तेवढी एकच गोष्ट होती जिची मी वाट बघायचो.

घास भरवता भरवता ती म्हणाली, “घरी आता काळजी नाही. सगळं काढून टाकलं.”

“काय सगळं?”

“ते विषारी सामान. थिनर, रंग, त्या बाटल्या. कचऱ्याच्या गाडीत दिलं परवा.”

“टेबलावर एक चपटी डबी होती.”

“ते काळे काळे तुकडे? ते पण. मला वाटलं छाटण आहे.”

एकशे ऐंशी कड्या. मला ओरडायचं होतं, श्वास पुरला नाही. मला ताट उडवायचं होतं, हात उचलला नाही. यापूर्वी वीस-पंचवीस वर्षं मी तेच करत आलो होतो. स्टीलचा पेला भिंतीवर, फूटपट्टी जमिनीवर, एकदा अर्धवट झालेला रणगाडा तिच्या कानाजवळून दारावर. दाराला अजून खोक आहे. ‘बायकोवर हात कधी उगारला नाही’ असं मी अभिमानाने सांगायचो. हात उगारायची गरजच पडली नाही, वस्तू होत्या. त्या दिवशी वस्तू नव्हत्या, हात नव्हते. पुढचा घास आला आणि मी चावलो.

दाताखाली काहीतरी कटकन सरकलं. ती आधी ओरडलीच नाही. मग ओरडली, “सोड! जनावर आहेस का तू! सोड!” लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तोवर तिने मला अरे-तुरे केलं नव्हतं. नर्सने माझा जबडा उघडला तेव्हा भातात रक्त होतं आणि वैशालीच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा ओळख जास्त होती. हे मी पूर्वी पाहिलंय, असा तो चेहरा होता.

तिला इंजेक्शन दिलं, ड्रेसिंग केलं. माणसाच्या चाव्याला टाके घालत नाहीत म्हणे, आत घाण कोंडते. जखम उघडीच भरू देतात, म्हणून व्रण जाड राहतो.

*

दुसऱ्या दिवशी ती आली. सरबताचा लांब दांड्याचा चमचा घेऊन आली. स्टूल पायथ्याशी ओढलं, हात पूर्ण लांबवला आणि त्या चमच्याने मला भरवलं. माझी मान थोडी वळत होती. तिने अंतर बरोबर मोजलं होतं.

डॉक्टर बाईंनी तिला समजावलं, “आयसीयूत पेशंट असं करतात, औषधं, झोप नाही, मनाला लावून घेऊ नका.” मेहुणे म्हणाले, आजार बोलतो, माणूस नाही. ऋतुजा म्हणाली, “बाबा तसे नाहीत गं.” सगळ्यांनी मिळून माझी सुटका करून टाकली. मीही ती घेतली. मान हलवली, डोळ्यांत पाणी आणलं. फुकट मिळालेली सुटका कोण सोडतो?

पण पडल्या पडल्या मला माहीत होतं. आजाराने माझे हात नेले, पाय नेले. राग त्याने आणला नव्हता. राग मी घरूनच नेला होता. इथेच मला तुम्हाला सांगायचंय: तुमच्या माणसाने आजारपणात काही वाईट केलं तर कदाचित तो आजार असेलही. पण पेशंटला स्वतःला खरं काय ते ठाऊक असतं. त्याने ते बोलावं. मी बोललो नाही आणि चमचा लांबच राहिला.

*

दीड महिन्याने व्हीलचेअरवर घरी आलो. वैशाली ऋतुजाच्या खोलीत झोपायला लागली होती. मला उठवणं, बसवणं ऋतुजा करायची. वैशाली औषधं वेळेवर द्यायची, पथ्याचं करायची, आणि गोळी माझ्या तळहातावर न ठेवता टेबलावर ठेवायची. पाय परत येण्याआधी मला ती जवळ यायला हवी होती. हे कुणाला सांगणार?

कपाटात रणगाडे रांगेने होते, आणि मधे एक जागा रिकामी. तिथे माझा शर्मन रणगाडा असायचा. वर्षभर खपून केलेला.

“शर्मन कुठाय?” मी विचारलं.

ती कणीक मळत होती. मळता मळताच म्हणाली, “तुम्ही चावलात त्या दिवशी घरी आले आणि बत्त्याने फोडला. सगळेच फोडणार होते.”

माझ्या डोक्यात तीच जुनी कळ उठली. हात आता थोडा उचलत होता; समोर पाण्याचा पेला होता. मी तो ढकलला. फेकायला जोर नव्हता, नुसता आडवा झाला आणि पाणी माझ्याच मांडीवर सांडलं. ती बघत उभी राहिली. पुसायला आली नाही.

“मग बाकीचे का नाही फोडलेस?” मी विचारलं.

ती आत गेली, हात धुतले आणि श्रीखंडाचा डबा घेऊन आली. झाकण उघडून माझ्यासमोर ठेवला. आत शर्मनचे तुकडे. आणि तुकड्यांवर, कागदाच्या रुमालात गुंडाळलेली, तीन माणसं.

त्या रणगाड्यात मी तोफची, गोळे भरणारा आणि चालक बसवले होते. चेहरे रंगवले होते, चालकाला मिशी काढली होती. मग घुमट कायमचा चिकटवून टाकला. रिकामा रणगाडा माझ्याच्याने करवत नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण बंद झाल्यावर ते दिसतच नाही.

“दोन घाव घातले,” वैशाली म्हणाली, “आणि आतून माणसं निघाली. मला कुठे माहीत आत माणसं असतात? एकाचं मुंडकंच उडालं होतं. कपाटाखाली सापडलं. मग माझ्याने नाही झालं पुढे. बारकी एवढीशी. मिशी बिशी काढलेली. रडले मी त्यांच्यासाठी. तुमच्यासाठी नाही.”

वीस वर्षं मी रणगाड्यांना देखण्या जखमा केल्या होत्या. बत्त्याने झालेली ती जखम अजिबात देखणी नव्हती. पत्रा फाटतो तसं प्लॅस्टिक फाटलं होतं आणि त्यात रंगवलेला एक खांदा अडकला होता.

*

शहाडहून श्वेता नावाची फिजिओथेरपिस्ट यायची. तिने मला पत्त्यांची पानं, चिमटे, वाटीतले राजमे असले व्यायाम दिले होते. राजमे उचलताना मी चिडून वाटी उलटी करायचो. डबा बघून ती म्हणाली, “काका, राजमे राहू देत. हे जोडा.”

म्हणून मी शर्मन जोडायला घेतला. पहिल्या दिवशी एक तुकडा दोन बोटांत धरायला वीस मिनिटं लागली. पाचदा पडला. पाचव्यांदा मी इतकी घाणेरडी शिवी दिली की श्वेता हसली. बोटांची टोकं अजून बधिर होती. तुकड्याची कड कुठे आणि माझं बोट कुठे, हे डोळ्यांनी बघावं लागायचं. रोज एखादा तुकडा. सांधे वेडेवाकडे. तीन माणसं मी पुन्हा आत बसवली, चालकाचं मुंडकं जोडून. मान जरा तिरकी राहिली.

घुमटाचे दोन अर्धे भाग मात्र मला एकट्याने जमेनात. गोंद लावून दाबून धरायचे होते आणि माझा जोर पाच मोजेपर्यंत संपायचा. ऋतुजा ऑफिसला. श्वेताचा दिवस नव्हता. वैशाली दारात उभी राहून तिसऱ्यांदा तुकडे निसटताना बघत होती.

“किती वेळ धरायचं असतं?”

“तीस मोजेपर्यंत.”

ती आली. स्टूल माझ्या बाजूला ओढलं, अगदी खेटून, आणि उजवा अंगठा घुमटावर दाबला. अंगठा माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. व्रण लालसर, जाड. आम्ही दोघांनीही तो पाहिला.

“मोजा,” ती म्हणाली.

मी एका श्वासात मोजलं. तिसापर्यंत गेलो. ती हात काढायला गेली आणि रणगाडाच वर उचलला गेला. बधिर बोटांनी मी गोंद किती ओतला होता ते मला कळलंच नव्हतं. अंगठा घुमटाला चिकटला होता.

“अहो! निघत नाहीये!”

“ओढू नकोस, कातडी निघेल. हलू नकोस. ऋतुजाचं रिमूव्हर कुठाय?”

खिडकीतच होतं. तिने डाव्या हाताने बाटली उघडून कापूस भिजवून दिला. मी तिचा हात माझ्या हातात घेतला आणि अंगठ्याच्या कडेने तो कापूस हळूहळू फिरवू लागलो. माझ्या आयुष्यात मी इतकं हळू काही केलं नव्हतं. तिची बोटं ताठ होती, कुत्र्याला हुंगू देताना माणूस धरतो तशी. अर्धा सेंटिमीटर सुटला. मग आणखी थोडा. आणि मग माझ्या तर्जनीच्या टोकाला, तीन महिन्यांनी, काहीतरी लागलं. खरखरीत. एक उंचवटा, त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा. मी डोळे मिटून पुन्हा बोट फिरवलं. परत आलेल्या बोटांनी पहिल्यांदा वाचले ते माझेच दात होते.

मी रडायला लागलो. तिला वाटलं मला दुखतंय.

“वैशाली, ते आजाराने नव्हतं झालं,” मी म्हटलं. “सगळे म्हणतात तसं नाही. मी चावलो. मला चावायचंच होतं. आधी ते पेले, पट्ट्या, तेही मीच. माझं चुकलं. फार वाईट वागलो मी तुझ्याशी.”

अंगठा सुटला होता. तिने तो काढून घेतला, वास घेतला, पदराला पुसला. स्टूल मागे सरकेल म्हणून मी वाट बघत होतो.

“माहितीये मला,” ती म्हणाली. “मी बत्ता मारला तेव्हा मला कुठला आजार झाला होता?”

मग तिने रणगाडा माझ्यापुढे ठेवला आणि घुमटाच्या दुसऱ्या सांध्यावर अंगठा टेकवून म्हणाली, “या वेळी गोंद कमी लावा.”